तंबाखू मोझॅक विषाणूचं कवच: २१३ पाचरींचं मॉडेल (प्रकल्प नोंदी)

कोल्हापूरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या मुलांसोबत केलेल्या कामाच्या या नोंदी. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी विषाणूच्या प्रथिन कवचाचं असं मॉडेल हवं होतं, जे मुलांना हाताने उलगडता आणि पुन्हा रचता येईल. दुसऱ्या कोणाला हेच करायचं असेल तर मापं, खर्च आणि कुठे वेळ जातो ते हाताशी असावं, म्हणून तारखेनुसार लिहीत गेले.

२८ डिसेंबर

विषाणू ठरला. वीस पैलूंच्या कवचाची मॉडेल्स सगळीकडे दिसतात, कापून चिकटवायचे कागदी नमुनेही मिळतात. आम्ही तंबाखू, मिरचीसारख्या पिकांना रोग करणारा तंबाखू मोझॅक विषाणू घेतला, म्हणजे नळीच्या आकाराचं कवच. निपाणीचा तंबाखू पट्टा इथून जवळ, त्यामुळे तंबाखूचं पान कसं दिसतं ते वर्गातल्या बऱ्याच मुलांना माहीत आहे. शिवाय या विषाणूचे आकडे इतके सोयीचे आहेत की मॉडेल करणाऱ्याने दुसरीकडे बघू नये.

नळीची लांबी ३०० नॅनोमीटर, व्यास १८, मधलं भोक ४. कवचात एकाच प्रथिनाच्या २१३० प्रती, प्रत्येकीत १५८ अमिनो आम्लं. त्या मळसूत्रासारख्या चढत जातात. एका वेढ्यात १६ पूर्ण आणि एक तृतीयांश प्रती, दोन वेढ्यांतलं अंतर २.३ नॅनोमीटर. एक नॅनोमीटरला एक सेंटिमीटर धरलं, तर अख्खा विषाणू ३ मीटरचा होतो. आम्ही त्याचा दहावा हिस्सा करणार: ३० सेंटिमीटर, १३ वेढे, २१३ तुकडे.

एक तुकडा म्हणजे एक पाचर. बाहेरची रुंदी ३४.६ मिमी, आतल्या टोकाची ७.७ मिमी, लांबी ७० मिमी, जाडी २३ मिमी. (जाडीचं हे माप तसंच उचलू नका, १ फेब्रुवारीची नोंद बघा.) दोन बाजूंमधला कोन ३६० भागिले १६.३३, म्हणजे २२.०४ अंश. खरं प्रथिन असं सपाट कडांचं नसतं, त्याच्या पोटात चार सर्पिलांची जुडी असते. पण रचना कशी जमते हे दाखवायला पाचर पुरते.

३ जानेवारी

थर्माकोलवर चाचणी. तापलेल्या तारेने पाचरी कापल्या आणि टेबलावर सपाट चकतीत मांडल्या. अपेक्षा अशी, की सोळा बसतील आणि तिसऱ्या हिश्शाएवढी फट राहील. प्रत्यक्षात सतरा बसल्या आणि चकती व्यवस्थित मिटली.

कोनमापकाने पाहिलं तर पाचरी २१ अंशांच्या आसपास निघाल्या. ३६० भागिले १७ म्हणजे २१.१८. एका अंशापेक्षाही कमी फरकाने मळसूत्राची चकती झाली होती. हे पाहून मी मुलांना तिथेच थांबवलं, कारण निसर्गातही नेमकं हेच होतं. आरएनए (विषाणूची जनुकीय माहिती वाहणारा, कवचात गुंफलेला धागा) नसताना, योग्य आम्लतेच्या द्रावणात हे प्रथिन दोन थरांच्या चकत्या करतं आणि प्रत्येक थरात सतरा प्रती असतात. आरएनए मिळाला की तेच प्रथिन शेजाऱ्याशी असलेला कोन किंचित बदलतं आणि १६.३३ च्या मळसूत्रात जातं.

थर्माकोल मात्र बाद. तारेने अर्ध्या अंशाची अचूकता मिळत नाही. २१३ तुकडे हवेत तर साचा हवा.

८ जानेवारी

शिवाजी उद्यमनगरात एका निवृत्त पॅटर्नमेकर काकांकडे गेलो. फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कागदावरची पाचर बघून त्यांनी दोनच प्रश्न विचारले: कशात ओतणार, आणि कुठल्या बाजूने काढणार?

मी जाडीच्या बाजूने म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, मग टेपर द्यावा लागेल आणि तुमचा कोन जाईल. रुंद तोंड वर ठेवा, निमुळतं टोक खाली. टेपर तुकड्यातच आहे की!" त्यांनी सागाची पाचर आडवी धरून रुंद टोकाकडून ओढून दाखवली. बाजूचे दोन्ही कोन आपोआप सुटतात.

पॅटर्न सागाचा, पॉलिश करून, आठशे रुपये. कोन त्यांनी बेव्हलने (कोन लावायच्या सुताराच्या हत्याराने) लावला आणि पट्टीने तपासून दिला. या कामात सर्वांत जास्त लक्ष इथे द्या. पुढे रंग, पाया, मणी सगळं सुधारता येतं. कोन चुकला तर सगळे तुकडे टाकून द्यावे लागतात.

१२ जानेवारी

कशात ओतायचं? घरात गणपतीची शाडू होती म्हणून ती आधी वापरून पाहिली. रुंद टोक आणि नाक (निमुळतं टोक) वेगवेगळ्या वेगाने वाळतं, त्यामुळे नाकाजवळ तडे गेले. वजनाचाही हिशेब बसेना, पूर्ण मॉडेल तेरा-चौदा किलोंचं झालं असतं. कागदाचा लगदा हलका, पण वाळताना आकसतो आणि पिळवटतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना आकसत नाही, उलट किंचित फुगतं. मापाच्या कामाला तेच बरं.

१७ जानेवारी

सिलिकॉन रबराचा सहा पाचरींचा साचा ओतला. प्रत्येक पाचरीच्या वरच्या बाजूला आरएनएसाठी अर्धगोल खाच हवी होती. ती साच्यातच यावी म्हणून पॅटर्नवर आडवी खाच पाडून घेतली होती. साचा छान उतरला, पहिल्या पाचरीही देखण्या निघाल्या. पण प्रत्येक वेळी तुकडा ओढताना खाचेत शिरलेला रबराचा उंचवटा अडतो. थोड्याच ओतकामात तो मुळाशी फाटला आणि खाचेच्या जागी प्लॅस्टरचे गोळे यायला लागले.

खाच पॅटर्नवरून काढली. लाकडाच्या पुट्टीने ती भरून घेतली आणि नवे दोन साचे केले. सुमारे सोळाशे रुपयांचं सिलिकॉन आणि आठवडाभर गेला. आता खाच प्लॅस्टर ओलसर असतानाच गोल कानशीने पाडतो. त्यासाठी लाकडाची एक चौकट केली. पाचर तीत ठेवली की कानस नेमकी आतल्या टोकापासून २० मिमीवरच चालते. एका पाचरीला अर्धं मिनिटही लागत नाही.

२४ जानेवारी

ओतकाम सुरू. वजनाने दहा भाग प्लॅस्टर, सात भाग पाणी. प्लॅस्टर पाण्यात भुरभुरायचं, पाणी प्लॅस्टरवर ओतायचं नाही. नाक तळाला असल्याने हवेचे बुडबुडे तिथे अडकतात. म्हणून आधी अर्धाच साचा भरून टेबलावर आपटायचा, मग बाकीचं ओतायचं. नाकं तुटत होती, त्यावर मूर्तिकारांचाच उपाय लागू पडला: काथ्या बारीक कापून त्याच्या चिमूटभर तंतू पहिल्या थरात. वीस-पंचवीस मिनिटांनी तुकडा निघतो. पण वरचं तोंड कच्चं असतानाच पट्टीने सपाट करून घ्या. एकदा कडक झालं की ते घासायला फार वेळ जातो.

मुलं कंटाळतील असं वाटलं होतं. पण एकाच साच्यातून सगळं निघतंय हे हाताला कळायला लागल्यावर एकाने बरोबर विचारलं: विषाणू वेगवेगळे तुकडे का वापरत नाही? फळ्यावर हिशेब केला. या विषाणूचा आरएनए ६३९५ अक्षरांचा (अक्षर म्हणजे त्या धाग्याचं एक रासायनिक एकक). १५८ अमिनो आम्लांच्या प्रथिनाला दर आम्लामागे तीन अक्षरं, म्हणजे ४७४ लागतात. २१३० निरनिराळी प्रथिनं लिहायची तर दहा लाखांहून जास्त अक्षरं लागली असती आणि ती या नळीत मावलीच नसती. लहान विषाणूंची कवचं सारख्याच तुकड्यांची असणार, हे डीएनएची रचना मांडणाऱ्या क्रिक आणि वॉटसन यांनी १९५६ मध्ये याच तर्काने मांडलं होतं.

१ फेब्रुवारी

पाया. पहिला वेढा चढावर बसायला हवा. प्रत्येक पाचर मागचीपेक्षा १.४ मिमी वर. पुठ्ठ्याचे थर एकावर एक रचून चक्राकार चढ केला. बाजारातला पुठ्ठा दीड मिमीचा, त्यामुळे सोळा थरांत जवळपास दीड मिमीचा फरक साचला. तो पॉलिश पेपरने उतरवला. चढ उजव्या हाताचा हवा, म्हणजे वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने वर जाणारा. खात्रीसाठी साधा स्क्रू शेजारी धरा, आटे त्याच बाजूला झुकले पाहिजेत.

मग सतरावी पाचर बसेना. पहिल्या वेढ्याच्या सोळा झाल्या की सतरावी पहिलीच्या डोक्यावर येते. तिची जागा पायापासून सोळा गुणिले १.४१, म्हणजे २२.५ मिमीवर. पहिल्या पाचरीची जाडी मात्र २३. अर्धा मिमी अडतो आणि पुढचा सगळा वेढा उचलला जातो. खऱ्या प्रथिनाच्या वर-खालच्या बाजू सपाट नाहीत, त्यामुळे त्याला ही अडचण नाही. आपल्या सपाट पाचरीला आहे.

तोवर जवळपास सगळ्या पाचरी ओतून झाल्या होत्या. काचेवर सँडपेपर चिकटवून एकेक घासली. मुलांच्या तीन-चार संध्याकाळी यात गेल्या. तुम्ही करणार असाल तर पॅटर्नच २२.४ मिमी जाडीचा करा. बाकी मापं तीच ठेवा.

६ फेब्रुवारी

ही सर्वांत महत्त्वाची नोंद.

तपासणीसाठी दर ४९ व्या जागेनंतरची पाचर लाल रंगवली होती: १, ५०, ९९, १४८, १९७. तीन वेढ्यांत बरोबर ४९ तुकडे बसतात, म्हणून ५० वी पहिलीच्या थेट वर, ६.९ सेंटिमीटरवर यायला हवी. तीन वेढ्यांनी मूळ जागी येणारी ही रचना असणार, असं वॉटसनने १९५४ मध्ये क्ष-किरण चित्रांवरून ओळखलं होतं. नेमका आकडा ४९ असल्याचं क्ष-किरणांनी रेणूंची रचना शोधणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचे सहकारी होम्स यांनी प्रथिनाला पारा जोडून काढलेल्या चित्रांवरून ठरवलं, ते १९५८ मध्ये प्रसिद्ध झालं.

आमची ५० वी पाचर दोन सेंटिमीटरहून जास्त पुढे गेली होती. कोन पुन्हा मोजला, बरोबर. पाया बरोबर. शेवटी कारण सापडलं ते मधल्या पाइपात. गाभ्याला आम्ही ४० मिमीचा पीव्हीसी पाइप घेतला होता, कारण भोक ४ नॅनोमीटरचं. मुलं प्रत्येक पाचर पाइपला टेकेपर्यंत दाबत होती. पाचरींच्या बाजूंना रंगाचा ओघळ, प्लॅस्टरचा कण असं काहीतरी मिळून दशांश मिमीची जाडी आली होती. पाइपशी दाबलं की ती नाकाशी नाक अडवते. ४९ पाचरींत नाकापाशी पाचेक मिमीचा फरक होतो. बाहेरची कड केंद्रापासून साडेचार पट दूर, म्हणून तिथे तोच फरक २२ मिमी दिसतो.

उपाय: ४० चा पाइप काढून ३२ चा घातला आणि त्याभोवती ४ मिमीचा मऊ फोम गुंडाळला. बाजूंचा रंग खरवडला, आता फक्त बाहेरचा चेहरा रंगवतो. पाचर शेजारणीला पूर्ण बाजूने टेकवायची आणि गाभ्याशी ती जिथे थांबेल तिथे थांबू द्यायची. पुन्हा रचलं. पन्नासावी लाल पहिलीच्या वर आली. नव्व्याण्णवावी आली तेव्हा खोलीत मुलांनी टाळ्या वाजवल्या.

खऱ्या विषाणूत मध्ये पाइप नाहीच. प्रथिनं कशाभोवती गुंडाळली जात नाहीत, ती फक्त शेजाऱ्याला धरतात आणि मधली पोकळी उरते. मॉडेल करणाऱ्याने गाभ्यावर भर दिला की नेमकी ही गोष्ट हातातून निसटते. यापुढे कोणीही हे करायला घेईल त्याला मी पहिल्याच दिवशी हे सांगेन.

१२ फेब्रुवारी

आरएनए. मळसूत्राच्या वेढ्यांमध्ये, केंद्रापासून ४ नॅनोमीटरवर तो बसलेला असतो. ही जागा फ्रँकलिन यांनी १९५६ मध्ये दाखवली. मधली पोकळी त्याच वर्षी डोनाल्ड कॅस्पर यांनी मोजली. प्रत्येक प्रथिन आरएनएची तीन अक्षरं धरतं. आम्हाला हवेत २१३ गुणिले ३, म्हणजे ६३९ मणी.

गुजरीजवळच्या दुकानातून ५ मिमीचे मणी आणले. सलग ओवलेली माळ खाचेत घातली, तर सुरुवातीला तीन-तीन मणी प्रत्येक पाचरीत नीट येत होते. हळूहळू ते सरकू लागले आणि दर अकरा पाचरींमागे एक मणी जादा बसायला लागला. हिशेब सोपा: खाचेपाशी पाचरीची रुंदी १५.४५ मिमी, तीन मण्यांची लांबी १५.

एका मुलीची आई पटवेकाम (मणी-दागिने दोऱ्यात ओवण्याचं काम) करते. तिने दर तीन मण्यांनंतर दोऱ्याला बारीक गाठ मारायला शिकवलं. सुई गाठीत ठेवून ती जागेवर सरकवायची आणि मगच आवळायची, म्हणजे गाठ मण्याला घट्ट भिडते. गाठ पडली की फरक भरून निघतो आणि मुलांना तिनाचा गट डोळ्यांनी दिसतो. माळ ३ मीटर २८ सेंटिमीटरची झाली. ३० सेंटिमीटरच्या नळीत सव्वातीन मीटरची माळ बसते, हे कितीही वेळा सांगितलं तरी पाहणाऱ्याला पटत नाही. माळ बाहेर काढून हातात दिली की पटतं.

१६ फेब्रुवारी

चिकटवायचं कशाने? खालचे नऊ वेढे फेविकॉलने, तेही फक्त तळाच्या बाजूला थेंबभर. बाजूंना लावलं तर पुन्हा जाडी वाढते. वरचे चार वेढे मोकळे.

खऱ्या कवचाला कोणता गोंद, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. गोंद नाही. पाण्यापासून दूर राहणारे भाग एकमेकांकडे तोंड करून बसतात, विरुद्ध प्रभारांच्या जोड्या धरून ठेवतात. त्यातच काही जागी सारख्या ऋण प्रभाराचे गट मुद्दाम समोरासमोर आलेले असतात. पेशीबाहेर कॅल्शियम आणि हायड्रोजन आयन त्यांना शांत ठेवतात. पेशीत कॅल्शियम कमी, आम्लता कमी. तिथे ते गट एकमेकांना ढकलतात आणि कवच टोकाकडून सैल होतं. बाहेर टिकायचं आणि आत सुटायचं, ही दोन्ही कामं एकाच तुकड्यात आहेत. आमच्या मॉडेलला हे करता येत नाही. चुंबक लावून बघायचा विचार होता, पण ४२६ चुंबकांचा खर्च परवडला नाही.

२१ फेब्रुवारी

माळेचं वरचं टोक लोंबकळत ठेवायचं नव्हतं. विषाणू जुळताना आरएनएची न गुंफलेली शेपटी मधल्या पोकळीतून वर ओढली जाते, वरच्या टोकाशी वळते आणि नव्या प्रथिनांखाली जाते. जुळणी आरएनएच्या अगदी टोकापासून नव्हे, एका टोकापासून साधारण हजार अक्षरं आत सुरू होते. म्हणून दोन्ही शेपट्या एकाच बाजूला दिसतात.

हे दाखवण्यासाठी पाइप नवव्या वेढ्यापाशीच कापला, कड गोल घासली आणि उरलेली माळ पाइपातून खाली, पायाला पाडलेल्या भोकातून बाहेर काढली. आता वर एक पाचर ठेवली की खालची माळ तीन मण्यांनी वर चढते. कड घासली नव्हती तेव्हा गाठी तिथे अडकत होत्या. मऊ सँडपेपर आणि वर मेणबत्तीचं मेण एवढ्यावर भागलं.

२८ फेब्रुवारी

मॉडेल दिवसभर चाललं. मोकळे चार वेढे मुलांनी कितीदा तरी उतरवले आणि रचले. दोन पाचरींची नाकं गेली, सुट्या पाचरींतून बदलली. वीसेक जास्तीच्या पाचरी करून ठेवाच.

मिरचीची रोपवाटिका असलेल्या एका पालकांनी विचारलं, हा रोग हाताने पसरतो तो असाच का? हो. फवारून मारता येत नाही, आणि कवच इतकं टिकाऊ की वाळलेल्या तंबाखूतही विषाणू तग धरतो. म्हणून रोपं हाताळताना विडी-तंबाखू नको, हात साबणाने धुवायचे. साय काढलेल्या दुधात हात बुडवून रोपं लावण्याची पद्धतही आहे. त्यांनी एक पाचर हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि मोकळ्या वेढ्यात स्वतः बसवली.

पोस्टरवर मी एकच चित्र लावलं होतं, १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनातल्या मॉडेलचं रेखाटन. सुमारे पाच फुटांचं ते मॉडेल फ्रँकलिन यांनी केलं होतं. टेबल टेनिसचे चेंडू आणि सायकलच्या हँडलच्या प्लास्टिक मुठी वापरून. प्रदर्शन उघडण्याच्या आदल्या दिवशी, १६ एप्रिलला, त्या गेल्या. वय ३७. मुलींनी ते चित्र मॉडेलच्या अगदी जवळ हलवायला लावलं.

खर्च: पॅटर्न ८००, सिलिकॉन (फाटलेल्या साच्यासह) सुमारे ३२००, प्लॅस्टर दहा-बारा किलो ३००, मणी आणि दोरा २००, पाइप, फोम, पाया, रंग मिळून ७००. पहिल्यापासून खाच कानशीने पाडली तर सोळाशे वाचतील. वजन आठ किलोंच्या आसपास. पायाला दोन्ही बाजूंनी मुठी बसवा आणि नेताना वरचे चार वेढे उतरवून वेगळ्या खोक्यात न्या. पाचरींच्या तळाला पेन्सिलने क्रमांक टाकलेले असू द्या, विशेषतः लाल पाचरींच्या.